सूशच्या अंगणातला प्लग

३ जून, सोमवार

ठरलं. सूशकडे जायचं. आणि गाडीनंच जायचं!

ड्वेनला विनिपेगला फोन करून सांगितलं. आधी हसला. म्हणाला, "आई, ती गाडी आल्टोनात बाजारहाट करायला दिलीय तुला. अल्बर्टाच्या उत्तर टोकाला जायला नाही." स्वतःचीच जुनी विजेची गाडी आईच्या गळ्यात मारायची आणि वर तिलाच नावं ठेवायची – झाला शहाणा! एकदा भरली की दोनशे किलोमीटर जाते. वारा पाठीशी असेल तर. सूश दोन हजारांच्या पलीकडे.

विमानानं जा म्हणे. विमानानं गेलं तर पुढे कुणाची तरी मोटार मागायची आणि तिच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं. तिनं दार लावलं तर? निदान बसायला स्वतःची जागा तरी हवी.

५ जून

लिहून टाकते एकदाचं, म्हणजे डोक्यात घोळायचं थांबेल.

सूश माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, गाय पिळायला तिनं शिकवलं, पहिली थोबाडीतही तिनंच दिली. विशीत इसाकशी लग्न करून उत्तरेला गेली, तिथलं जंगल तोडून शेत केलं. आई माझ्याजवळ राहिली. आईला मूठमाती दिली त्या दिवशी चर्चच्या तळघरात सगळे फास्पाला बसलेले – पाव, चीज, कॉफी – आणि माझा नवरा एब बोलून गेला, की शेवटी आईचं हगणंमुतणं कुणी काढलं तेही प्रार्थनेत आलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर! सूशनं कप खाली ठेवला, कोट घातला आणि गेली. पाव तसाच ताटलीत.

अकरा वर्षं झाली. ना तिचं पत्र, ना माझं.

एब गेल्या नोव्हेंबरात गेला. तिच्याकडून कोणी आलं नाही. बर्फ फार होतं, रस्ते बंद होते – असं मीच मला सांगते. ती आता बहात्तरची. आणखी किती उन्हाळे नुसती वाट बघायची?

८ जून, शनिवार

ड्वेन आला. फोनवर नकाशा उघडून बसला. मोठ्या हमरस्त्यावर मधूनमधून गाडी भरायची सोय आहे, पण आमच्या म्हाताऱ्या गाडीला तिथले निम्मे प्लग बसत नाहीत, आणि एडमंटन सोडलं की नकाशा रिकामाच. तिथं बोट ठेवून म्हणाला, "इथून पुढे काही नाही, आई."

मी म्हटलं, "काही नाही कसं? तिथं आपली माणसं आहेत."

खरं तेच आहे. आम्हा मेनोनाइट पंथाच्या माणसांना कुठंही सोडा, अर्ध्या तासात नातं काढून जेवायला बसतो. आणि शेतकऱ्याच्या घरी वीज असतेच की. रात्रभर गाडी जोडायची, सकाळी पुढे. बापजादे रशियातून निघाले तेव्हा काय नकाशा बघून निघाले होते? असं मी म्हटलं. त्यांच्या गाडीला घोडे होते, म्हणतो. चोंबडा.

११ जून

ग्रेटा हीबर्ट शेजारी आहे म्हणून बरं. तिच्या डोक्यात सगळी जमात आडनावांनिशी बसलीय. ती म्हणते, "सॅस्कॅचेवानात हेगजवळ माझ्या वहिनीचा मावसभाऊ आहे, जेक नॉयफेल्ड, त्याला लाव." लावला. त्याला प्लग विचारायच्या आधी माझा बाप कोण, आजा कुठल्या गावचा, माझ्या माहेरचे डिक म्हणजे लाल कौलांच्या घरातले की नदीकाठचे – नमनालाच घडाभर तेल. शेवटी निघालं की त्याची आजी आणि माझी आजी चुलतबहिणी! मग काय, "प्लग? आहे की अंगणात. ये तू." झालं.

असे सात फोन केले. सगळीकडे हेच. आधी आजी, मग प्लग. कान तापला. पण गाडी – कागदावर का होईना – सूशच्या अलीकडच्या मॅनिंगपर्यंत पोचली!

१४ जून

कहर झाला. मी नवरा शोधत निघालेय अशी बातमी आहे.

जेक नॉयफेल्डच्या बायकोनं आपणहून फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली की त्या दिवशी कोर्नी वीबलाही जेवायला बोलावलंय. कोर्नी कोण? तर विधुर, शेजारी, दात स्वतःचे, जमीन भरपूर. मी म्हटलं मला फक्त वीज हवी. ती म्हणाली हो हो, तेही आहेच.

विधवा बाई एकटी, अंगणामागून अंगण विचारत चाललीय – लोकांनी तरी दुसरं काय समजायचं! ग्रेटाला सांगितलं तर टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. मीही हसले. एब गेल्यापासून एवढं हसले नव्हते.

१७ जून

हसू जिरलं.

रंगीत तालीम करू म्हणून आज ग्रेटाच्या भावाच्या शेतावर गेलो. त्याचं तेच – प्लग आहे की अंगणात. गाडी खांबाला जोडली. ढिम्म. मग त्याला आठवलं, उन्हाळ्यात खांबाची वीज बंदच असते! हिवाळ्यात ट्रकचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर जोडून ठेवतो तोच हा प्लग. चालू करून आला. रूबार्बचा केक खाल्ला, कॉफी झाली, त्याच्या सगळ्या डुकरांची ओळख झाली, दुपार सरली – आणि गाडीत वाढले किती? तीसेक किलोमीटर.

परत येताना उजेड पडला. हेग, व्हॅलीव्ह्यू, मॅनिंग, सगळे म्हणाले अंगणात आहे. सगळे खांबावरचाच म्हणत होते! तसल्या प्लगवर जायचं तर प्रत्येकाच्या घरी दोन-दोन दिवस मुक्काम. पोचेपर्यंत बर्फ पडेल. आणि मी? सहासष्ट हिवाळे याच खांबांना गाड्या जोडत काढले, पण विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी म्हटलं प्लग, माझ्याही डोळ्यांपुढे खांबच आला. इथं दुसरं काय येणार!

रडूच आलं खरं म्हणजे. प्लगसाठी नाही.

१९ जून

पुन्हा सगळे फोन. आता पहिला प्रश्न आजीचा नाही – "तुम्ही वेल्डिंग करता का हो?" वेल्डिंगचा प्लग असेल तर उत्तम, नाहीतर विजेच्या शेगडीचा, मोठा – त्यावर गाडी एका रात्रीत भरते. मॅनिंगच्या बाई म्हणाल्या, शेगडी भिंतीपासून ओढून ठेवू, खिडकीतून वायर घे, आम्ही तेवढा दिवस थंड जेवू. ओळख ना पाळख!

जेक म्हणाला, "आधी सांगायचंस, लेनी. माझ्याकडे दोन वेल्डिंग मशिनं आहेत." मागून त्याची बायको ओरडून काहीतरी कोर्नीचं सांगत होती. ऐकलंच नाही मी.

२२ जून, शनिवार

सगळं जुळलं. एक सोडून.

मॅनिंगहून निघालं की सूशच्या दारापर्यंत गाडी पोचते, जेमतेम. परत यायचं तर तिथंच भरावी लागणार. मध्ये झाडं, अस्वलं आणि गाड्या पलीकडे नेणारी नदीवरची फेरीबोट. एक घर नाही. ग्रेटानं आणखी दोघांना विचारून पाहिलं, पण ती शेतं नदीच्या भलत्याच अंगाला. म्हणजे शेवटचा प्लग सूशचा. तिनं घरात घेतलं तरच गाडी हलणार.

ग्रेटा म्हणाली, "मग तिलाच विचार ना. देशभर विचारून झालं."

फोन उचलला. नंबर पाठ आहे, बघावा लागला नाही. तीनदा वाजला. ठेवून दिला.

२३ जून

आजही नाही केला.

२६ जून

ड्वेन येऊन गेला. जाड वायरीचं भेंडोळं आणलं, कोणकोणत्या प्लगला काय लावायचं ते रंगीत चिकटपट्ट्या लावून समजावलं. लेक गुणी आहे, तोंडच तेवढं एबचं. जाताना गाडीच्या टायरला उगीच लाथ मारत म्हणाला, "आणि मावशीनं दार नाही उघडलं तर? तिथून हलता नाही येणार तुला."

हे मी रोज भाजी चिरताना घोकतेय. पण त्यानं विचारलं आणि उत्तर आपोआप तोंडातून आलं.

"तेच बरं आहे. तुझ्या बापाच्या ट्रकमध्ये टाकी भरलेली असायची. सूश उठून गेली तेव्हा आम्ही तिच्यामागे जायचं सोडून घरी निघून आलो. या गाडीतून मला रागावून निघूनच जाता येणार नाही."

तो बराच वेळ मिठी मारून उभा होता. त्याच्या शर्टाला बापाच्या तंबाखूचा वास नाही, तरी आला मला.

२८ जून

दोन दिवस भट्टी चालू आहे. आमचे दुमजली पाव – मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा – भाजले, मग कडक होईस्तोवर पुन्हा भाजले. असे भाजले की महिनाभर टिकतात. लांबच्या प्रवासाला आमच्यात दुसरं काही नेतच नाहीत. प्रत्येक अंगणासाठी एक पिशवी. सूशसाठी दोन. नाही, तीन!

भीती वाटते, पण भूकही लागते. म्हणजे फार वाटत नसावी. गाडी धुतली. आरशात बघून केस कापून घेतले, एका बाजूला जरा जास्तच गेले. कोर्नी वीबचं नशीब.

सोमवारी सुट्टी आहे, रस्त्याला ट्रक कमी असतील. सोमवारीच निघते.

३० जून, रविवार

चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी प्रवासासाठी प्रार्थना केली, आणि नंतर बाहेर हळूच विचारलं की खरंच कोणी पसंत पडलंय का. काय म्हणावं या लोकांना!

आज फोन करायचाच म्हणून दुपारी बसले. या वेळी ठेवला नाही. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. रविवारी दुपारी सूश कुठं जाईल? झोपली असेल. किंवा नंबर ओळखला असेल आणि बसली असेल फोनकडे बघत.

असो. तरी निघणार. दार बंद असलं तर अंगणात बसेन. पाव आहेत.

१ जुलै

पहाटे गाडीत पिशव्या ठेवत होते. अंगणात ट्रक शिरला, सॅस्कॅचेवानची पाटी. चालवणारा म्हणाला मी जेक नॉयफेल्ड. दुसऱ्या बाजूनं सूश उतरली.

मॅनिंगच्या बाईंनी तिला सांगितलं म्हणे. मग तिनं माझी तीच सगळी घरं उलट्या बाजूनं धरली – या अंगणातून त्या अंगणात, ज्याचा ट्रक निघेल त्यात बसून. चार दिवस. किती लहान झालीय! माझ्या खांद्याला लागते.

जवळ आली नाही. ट्रकच्या दाराला धरून उभी राहिली.

"सगळ्या देशाला विचारलंस प्लग आहे का," म्हणाली. "मला तेवढं नाही विचारलंस."

मग विचारलं. "सूश, तुझ्या अंगणात प्लग आहे का?"

"आहे," म्हणाली.

शुक्रवारी निघतोय. दोघी.