साठ डेसिबल आणि आयली

६ जानेवारी, हॅनकॉक
लायब्ररीच्या तळघरात 'लॉगॅरिदमची तोंडओळख' हा वर्ग सुरू केला. मास्तरकी सोडून इतकी वर्षं झाली, पण हात शाबूत. फळ्यावर लिहिलं: शंभराचा लॉग दोन, हजाराचा तीन. एकावर शून्यं किती ते मोजा, झाला लॉग! कोणी चकार शब्द काढला नाही. ओठ मात्र हलत होते. पाठ करत असावेत. गुणी वर्ग.
संकल्प: रोज चालायला जाणे. (बर्फ वितळल्यावर.)

९ जानेवारी, दुपारी चार
कॉफी ठेवली आणि स्वयंपाकघरात आयली गुणगुणायला लागली. तोच पोल्का, नाचाचं जुनं गाणं, दुसऱ्या ओळीला सूर सोडून. आयली म्हणजे माझी बायको, मागच्या हिवाळ्यात गेली. जमीन गोठलेली, म्हणून पुरायला मे उजाडला. त्यामुळे ती नक्की गेली कधी, यात माझा थोडा गोंधळ आहे. भीती वगैरे नाही. कप दोन काढतो, इतकंच.

१२ जानेवारी
मुलगी आली. मार्लीन. म्हणे, डॅड, टीव्ही जरा बारीक करा, अख्खी गल्ली तुमच्या बातम्या ऐकतेय. तिला स्वयंपाकघरात उभं करून विचारलं, आई ऐकू येते का? नाही म्हणाली. मला येते, तिला येत नाही. मग कान कोणाचे तपासायचे? तिनं माझेच तपासायला नेले. पोर रडत होती म्हणून गेलो.

१५ जानेवारी
रिपोर्ट आला. साठ! शंभरात साठ. साठवर मी पिढ्या पास केल्यात.
कानाची डॉक्टरीण म्हणे, बाहेरचा आवाज पोचेना की मेंदू जुन्या रेकॉर्डी लावतो. कानात यंत्र घाला, गुणगुणणं बहुतेक थांबेल. वर म्हणे, ही चांगली बातमी आहे. मार्लीननं यंत्र घ्यायला लावलं. मोज्यांच्या खणात ठेवलंय.

२० जानेवारी
वर्गात डेसिबल घेतलं. आवाज जितक्या पट मोठा, त्याचा लॉग काढा, दहानं गुणा. उदाहरण दिलं 'एका म्हाताऱ्याचं'. साठ डेसिबल कमी ऐकतो. त्याच्यासाठी आवाज किती पट वाढवायचा? साठ भागिले दहा, सहा. एकावर सहा शून्यं. दहा लाख पट.
खडू हातातच राहिला. उदाहरणाला आकडा बरा आहे. माझा काही संबंध नाही. घरी आलो तर आयलीनं पोल्का पूर्ण म्हटला.

२३ जानेवारी
वर्गाला तिघंच. बाकीचे पुढचं घरीच वाचत असणार. बेकरीवाली लेम्पी कानाशी येऊन ओरडली: अहो मास्तर, आम्ही पहिल्या दिवसापासून बोंबलतोय, तुम्ही नुसते गोड हसता! आता यंत्र तरी घाला, नाहीतर आम्हीही चाललो.
योजना तयार. यंत्र फक्त वर्गात. घराच्या दारात पाऊल टाकण्याआधी काढायचं. आयलीला पत्ताही लागणार नाही.

२७ जानेवारी
यंत्र घातलं. वर्गाचा प्रश्न ऐकला. सगळ्यांचा मिळून एकच होता: पण लॉगॅरिदम म्हणजे काय?
पहिल्यापासून सांगितलं. एकाला दहानं किती वेळा गुणलं की हजार होतात, तो आकडा. रस्त्यावरचा बर्फ काढणारा रेनो म्हणाला, एवढंच होय? आधी सांगायचं की राव! मग विचारतो, शून्याचा लॉग किती? नसतो, म्हटलं. दहावा भाग घे, शंभरावा घे, हजारावा घे, थोडं काहीतरी उरतंच. शून्य काही येत नाही. वर्ग खूश. मीही.
घराच्या दाराबाहेरच यंत्र काढलं, चार वाजता कॉफी ठेवली. आयली नाही. पोल्काची पहिली ओळ मीच म्हणून दिली. दुसरीसाठी थांबलो.

३ फेब्रुवारी
आठवडाभर यंत्राला हात लावला नाही. वर्गालाही गेलो नाही. टीव्ही बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं, तिला अडचण नको म्हणून. काही नाही. तिच्यावाचून मला करमत नाही, हे इथे सरळ लिहून ठेवतो.
दुपारी कॉफीसमोर बसून रडलो. शेजारीण बर्फाचं फावडं टाकून खिडकीशी धावत आली. म्हणजे मोठ्यानं रडलो असणार.