दहाव्याला ठेवलेली गोळी

९ फेब्रु., रवि.
सुनंदाचा दहावा झाला. सकाळी तळ्याकाठी गेलो. माणसं बरीच. पिंडाला कावळा शिवेना. तिच्या आवडीची शेंगापोळी ठेवली होती. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "वहिनी, दादाला आम्ही सांभाळू." तरी कावळा येईना. मी हात जोडले. नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "काही राहिलंय का, आठवा." मग मोहोळची मेव्हणी, शोभा, पुढे आली. पर्समधून नारिंगी गोळी काढून पानावर ठेवली. "अक्का, घे गं तुझी गोळी." कावळा लगेच उतरला. "शिवला, शिवला," सगळे म्हणाले.
व्हिटॅमिन सीची गोळी. डॉक्टरांनी माझ्यासमोर सुनंदाला बंद केलेली.

१० फेब्रु., सोम.
शोभाला विचारलं. आधी रडली.
"दाजी, तिनंच मागितल्या. लई आवडायच्या. लिमलेटसारख्या चघळायची."
"किडनीला चालत नाहीत, माहीत नव्हतं?"
"तिला माहीत होतं की. म्हणून तर तुमाला सांगू नको म्हणाली."
कधीपासून, ते धड सांगेना. शेजारच्या रेश्माभाभींनाही ठाऊक होतं. रिकाम्या डब्या त्यांच्या कचऱ्यात जायच्या. म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

११ फेब्रु., मंगळ.
शोभा गेली. जाताना आणखी एक बोलली. न बोलती तर बरं.
सु. आजारी पडल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी टाकायचं. डॉ.नी सांगितलं तसंच. एकदाही चुकवलं नाही. सु. म्हणायची, "सगळं सत्त्व मोरीत ओतलंत." मी हसायचो. थट्टाच वाटायची.
शोभाला म्हणायची, "चोथा खाऊ घालून जगवतोय मला."
हे मला का नाही. एकदा तरी.

१३ फेब्रु., गुरु.
डॉ.कडे गेलो. सरळ विचारलं. म्हणाले, भाजी उकळली की सी पाण्यात जातं, हे खरं. तिला लागेल तेवढं थोडं त्यांनी रोजच्या औषधात दिलं होतं. त्याहून फार झालं तर थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आत साचतं, आणखी इजा होते.
"किती घेत होत्या?"
मला विचारतात!
"त्यानंच गेली का?"
"तसं नाही सांगता येणार. दुखणं जुनंच होतं."
म्हणजे गोळ्यांनी नाहीही. किंवा... बाहेर येऊन रिक्षा न करता चालत निघालो. पुढचा चौक चुकलो.

१६ फेब्रु., रवि.
शोभाचा फोन. "दाजी, महिन्याच्या श्राद्धाला येऊ का?"
कॅलेंडरचं पान उलटलं.
"शिव्या द्या, पण बोला की."
तरी नाही बोललो. तिनंच ठेवला.
शोभावर राग धरणं सोपं आहे. तिनं आणून दिल्या, लपवल्या सुनंदानं. रोज विचारायचो, "औषध घेतलंस?" "घेतलं," म्हणायची. तोंडाला संत्र्याचा वास यायचा, मला वाटायचं औषधाचाच. भांडली असती तर भांडलो असतो, डॉ.ना विचारलं असतं. तेवढंही तिला... आता राग काढायला तीच नाही.
शोभाला ये म्हणावं की नको, ठरत नाही.
दुपारी नळाला पाणी आलं. हंडे भरले. गच्चीतली टाकी भरताना वर पाइप धरायला माणूस लागतं; पूर्वी सु. धरायची. पाइप दोरीनं टाकीच्या तोंडाशी बांधला, ओढून बघितला, खाली आलो आणि मोटार चालू केली.