मुनिरासाठी रिकामा रस्ता

१२ नोव्हेंबर, सकाळ
निर्णय झाला. एप्रिलमध्ये मी आणि मुनिरा सार्डिनियाला जाणार. सार्डिनिया म्हणजे इटलीचं बेट. काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. जर्मन नवरा-बायको, आमच्याच वयाचे, सायकलवर चाललेत. दोन्हीकडे दगडी बांध, खाली निळं पाणी आणि रस्त्यावर कुणी म्हणजे कुणी नाही. बऱ्याच वेळाने मेंढ्या आल्या. त्यांनीही बाजूला होऊन वाट दिली. बीडमध्ये इतकी वर्षं सायकली दुरुस्त करतोय, पण सायकलला वाट देणारं कुणी अजून बघितलं नाही.

मुनिराला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, बाजूचं दिसणं गेलंय, नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. मग सोपं आहे. ज्या रस्त्यावर बाजूने काही येतच नाही, तिथे बाजूचं दिसायची गरज काय? एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला हे सुचलं नाही. मला सुचलं.

१३ नोव्हेंबर
मुनिराला सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. म्हणाली, मला पण तुमाला एक सांगायचं होतं. मी म्हणालो, आधी माझं ऐक. सगळं ऐकल्यावर म्हणाली, इतक्या लांब कशाला? मी म्हणालो, लग्नाआधी उमापुरात भावाची सायकल पळवायचीस ना? हसली. लई दिवसांनी हसली. नाही म्हणाली नाही, म्हणजे हो.
तिचं सांगायचं राहूनच गेलं. महत्त्वाचं नसेल.
रात्री भाजीत मेथीच्या काड्या आल्या. तिचं मन आत्ताच सार्डिनियात पोचलेलं दिसतंय.

१७ नोव्हेंबर, रविवार
ट्रेनिंग सुरू. बेत: बीड ते पाली आणि परत, न थांबता. प्रत्यक्षात: बायपासपर्यंत. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत. एकामागे दोन ट्रॉल्या, वरून डेकवर गाणी. एकाने असा कट मारला की मी थेट बाभळीत. यात माझ्या फिटनेसचा काही संबंध नाही.
सायकलिंगची गादीवाली चड्डी घातली होती. शेजारचा हॉटेलवाला धर्मराज म्हणाला, सत्तारभाई, सर्कशीत लागलाव का बे? मी त्याला इटालियनमध्ये ‘बोंजोर्नो’, म्हणजे नमस्कार, म्हणालो. त्याने कट चहा दिला.

२ डिसेंबर
औरंगाबादहून आफ्रीनचा फोन. आमची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे बापाशीही पेशंटसारखंच बोलते. म्हणाली, अब्बा, अम्मीला घेऊन या, ऑपरेशन लांबवू नका. काचबिंदू थांबत नसतो. मी म्हणालो, एप्रिल होऊ दे. ऑपरेशन झालं की कितीतरी दिवस सायकल बंद. सगळी तयारी वाया जाईल.
ती म्हणाली, कसली तयारी? मी सांगितलं नाही. सरप्राइज आहे.
मुनिराला विचारलं, तुझं काय म्हणणं? म्हणाली, तुमी म्हणाल तसं. मला ऑपरेशनची भीती वाटते. बघा, तिलाही सायकलच हवी आहे.

२१ डिसेंबर
मुनिराची सायकल तयार. जुनी लेडीज फ्रेम, नवे टायर, रुंद सीट. आकाशी रंग मी स्वतः मारला. तिने फ्रेमवरून हात फिरवला, सीटवरून फिरवला. म्हणाली, लई गुळगुळीत झालीय. मग विचारलं, घंटी न्हाई बसवली का? घंटी समोरच होती, हँडलवर, चमकत होती.
घंटी लहान आहे. उद्या मोठी बसवतो.

५ जानेवारी, रविवार
यश! शाळेच्या मैदानात मुनिराने सायकल चालवली. आधी दोनदा पाय टेकले, नंतर सुटली ती सुटलीच. मी शेजारून पळत होतो. पळता पळता ब्रेक कसा, पॅडल कसं, सार्डिनियात कोणतं हॉटेल, सगळं बोलत होतो. दम लागून गप्प झालो तर म्हणाली, थांबू नका, बोलत राहा.
उभ्या संसारात पहिल्यांदा. एरवी म्हणते, जरा गप बसा. सायकलिंगने नवरा-बायकोचं नातं सुधारतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे.
गुडघा सुजलाय. माझा.

१९ जानेवारी
ट्रेनिंगला सुट्टी. गुडघा. शिवाय लग्नसराई. शिवाय थंडी.
घरात थोडी फेररचना केली. टीपॉय भिंतीला लावला, कारण मुनिरा परत त्याला धडकली. पाण्याचा माठ उजवीकडून मोरीजवळ नेला. कपबशा स्टीलच्या आणल्या. चिनी मातीच्या तशाही जुन्या झाल्या होत्या, फुटणारच. आमच्या घरात सामानच लई आहे. माणूस धडकणार नाही तर काय.
‘ग्रात्सिये’ म्हणजे धन्यवाद. मुनिराला शिकवलं. तिने पहिल्याच दमात बरोबर म्हटलं. मला अजून जमत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दवाखान्यात बाकड्यावर बसून लिहितो.
रमजानच्या आधी एक खरी राइड करायची ठरवली होती. धर्मराजने टेम्पोत दोन्ही सायकली टाकून पालीपर्यंत सोडलं आणि तिथेच ओळखीच्याकडे थांबला. आम्ही धरणाकडच्या रस्त्याला लागलो. सकाळची वेळ. खरंच कुणी नव्हतं. एक बगळा, पाण्यावर कोवळं ऊन. मी म्हणालो, मुनिरा, बघ, हेच सार्डिनिया! ती म्हणाली, लई छान हाय. ती सरळ समोर बघत होती. पाणी उजवीकडे होतं.
ती पुढे, मी मागे. मी बोलत होतो. तिची ओढणी उडत होती, पाठ ताठ होती, उमापूरची पोरगीच जणू. मनात आलं, डॉक्टर खोटे आहेत.
मग माझी चेन पडली. सायकलच्या दुकानदाराची चेन. खाली बसलो, चेन बसवायला लागलो. गप्प होतो.
मान वर केली तेव्हा रस्ता डावीकडे वळला होता आणि मुनिरा सरळ गेली होती.
ब्रेक नाही, ओरडणं नाही. कडेच्या दगडांवरून खाली. मी पळालो. ती खड्ड्यात बसली होती, गालावर रक्त, एक हात दुसऱ्या हातात धरलेला. म्हणाली, तुमी कुठं गेलता?
मी दोन्हीकडे बघून हाका मारल्या. कुणी नाही. एवढा रिकामा रस्ता कुणाला हवा असतो? धर्मराजला फोन लावला. तो येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. बगळा तिथेच होता.

१७ फेब्रुवारी, दवाखाना
मनगट मोडलं. प्लॅस्टर. गालाला टाके.
दुपारी मुनिरा म्हणाली, रागावणार नसाल तर सांगते. डाव्या डोळ्याने दिवाळीपासून काहीच दिसत न्हाई. उजव्याने समोरचं बशीएवढं दिसतं, ते पण उन्हात. मी म्हणालो, सांगितलं कावून न्हाई? म्हणाली, सांगणार होते. मेथी निवडत होते त्या दिवशी. तुमी सार्डिनिया काढलं. एवढा खूश आवाज मी लई दिवसांत ऐकला नव्हता.
मी म्हणालो, मग शाळेच्या मैदानात कशी चालवलीस? म्हणाली, तुमच्या आवाजावर. तुमी बोलत होता तोवर मला सगळं कळत होतं.
मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. असंही असेल की काल ऊन डोळ्यावर आलं असेल. उन्हात कुणालाही वळण चुकतं.

२० फेब्रुवारी, औरंगाबाद
आफ्रीन माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुनिराला बराच वेळ तपासलं. मी विचारलं, किती महिन्यांत नॉर्मल होईल? म्हणजे या एप्रिलला नाही तर पुढच्या? ते म्हणाले, काका, काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. आता जे उरलंय ते राखायचं. दोन-तीन महिने आधी आला असता तर यापेक्षा जास्त राखता आलं असतं.
मी फाईल पिशवीत घातली.

२३ फेब्रुवारी, रविवार
उद्या ऑपरेशन. उजवा डोळा. टिकेल की नाही, डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत.
सकाळी आफ्रीनच्या गॅलरीत ऊन आलं तेव्हा मुनिराने मला बोलावलं. म्हणाली, समोर खुर्ची घ्या. घेतली. म्हणाली, अजून जवळ. थोडं डावीकडे. न्हाई, माझ्या डावीकडे. मी खुर्ची सरकवत राहिलो. कधी तिला माझा कान सापडायचा, कधी खांदा. शेवटी म्हणाली, हां, आता हलू नका.
मी हललो नाही. हळूच मोबाइल काढला. म्हणालो, सार्डिनियाचा व्हिडिओ दाखवू? मोठा करून? म्हणाली, ठेवा तो. मला उद्यासाठी तुमचं तोंड बघून ठेवायचंय.
बराच वेळ बघत होती. कपाळ, मिशा, मग परत कपाळ. मी पोट आत घेऊन बसलो होतो. तीन महिने ट्रेनिंग केलंय, म्हटलं फरक दिसू दे.
मग तिने प्लॅस्टर नसलेला हात माझ्या गालावर ठेवला. म्हणाली, लई म्हातारे झालाव हो तुमी.
मी म्हणालो, कधीपासून?
म्हणाली, काय माहीत. मला आज दिसलं.