तुला न सापडणारा पत्ता

चि. पिट्टूस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू 'मस्त' म्हणशील आणि मला ते खरं धरावं लागेल. माझी तब्येत गुरुवारी संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. त्यानंतर जे धक्के बसले त्यांतून मी अजून सावरलेली नाही. हे पत्रसुद्धा भिंतीला पाठ टेकून लिहिते आहे.

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो, असं तू सूनबाईला कबूल केलंस. एकदा तरी जाऊन ये, मग मी पोरीला घेऊन परत येते, असं सांगून ती माहेरी गेली. आणि तुझं आपलं एकच पालुपद, की आत्या, पत्ताच सापडत नाही. (चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाला एक इमारत दिसत नाही, हे मी मुकाट्याने गिळलं.) शेवटी म्हटलं, आपणच जाऊन ठिकाण पाहून यावं. तुला शाळेत घालतानाही मी आधी जाऊन तिथले संडास तपासले होते.

पत्ता अवघड आहे, हे मात्र मान्य. फोनवरच्या बाईंनी ग्रंथालयामागची इमारत एवढंच सांगितलं होतं. इमारतीला दारं दोन आणि पाटी एकावरही नाही. पहिल्या मजल्यावर काही माणसं गोल करून बसली होती, चेहरे पडलेले. एक बाई डोळे पुसत सांगत होत्या, की घरात कोणी नसलं की हात आपोआप कपाटाकडे जातो. मी ओळखलं, हेच ते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मीही मान डोलवू लागले. बऱ्याच वेळाने क्रीमच्या बिस्किटांचा विषय निघाला, तेव्हा कळलं की हा वजन कमी करणाऱ्यांचा वर्ग. तोवर मला काट्यावर उभं केलं होतं. आकडा इथे लिहीत नाही.

खरी मीटिंग त्याच्या वरच्या मजल्यावर. मी मनाची तयारी करून गेले होते: झिंगलेली माणसं, शिवीगाळ, एखादा जमिनीवर आडवा. (पर्समध्ये शिट्टी ठेवली होती.) आत पाहते तो काय, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं खुर्च्या मांडताहेत आणि खोलीला वास येतोय तो फिनेलचा! पिट्टू, बँकेच्या रांगेत दिसावीत तशी माणसं रे! आणि चहाच्या किटलीशी कोण उभं असावं? कोण ते सांगणार नाही. तिथे जे दिसलं ते तिथेच ठेवायचं, असा त्यांचा कडक नियम आहे आणि मी तो पाळते आहे. एवढंच सांगते, की घरी आल्यापासून मला माझी कवळी सैल वाटते. (उगाच. त्यांनी दारू सोडली ती माझी कवळी बसवण्याच्या आधी. मी हिशेब करून पाहिला.)

मी दारातूनच परतणार होते, पण एका आडदांड ट्रक ड्रायव्हरने, काकू, पहिल्यांदा येणं फार जड जातं, असं म्हणत मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, अहो, मी पिणारी नव्हे, नुसती चौकशीला आले आहे. सगळ्यांनी इतक्या मायेने माना हलवल्या की मी हादरलेच. पहिल्या दिवशी जो तो हेच म्हणतो म्हणे! मी जितकं ठासून सांगावं तितके ते हळवे होत जाणार. खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना दोनदा विचारून घेणारी मी, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून मला सांगतात, की लाज वाटून घेऊ नका! मग बोलायची पाळी माझ्यावर आली. मी बोलले. (काय, ते विचारू नकोस.) टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याही अशा कारणासाठी. मला अजून विश्वास बसत नाही.

जेवत जा. दुकानात वेळेवर जा. मालक आता आणखी ऐकून घेणार नाहीत.

तुझी,
हबकलेली आत्या

ता. क. – संडास स्वच्छ आहेत. चहा फार गोड.

ता. क. दुसरा – तो ड्रायव्हर मला रोज फोन करतो आणि विचारतो, आजचा दिवस निभावला ना, काकू? मी म्हणते, निभावला. शेजारीण कान लावून असते. माझी अब्रू धोक्यात आहे. येत्या गुरुवारी सहाला ये आणि त्या लोकांना सांग, की पिणारी ही नव्हे. मागचं दार, दुसरा मजला. पहिल्यावर थांबू नकोस, तिथे काटा आहे.

ता. क. तिसरा – काय बोलले ते सांगूनच टाकते. तुझं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून सगळं 'मी' म्हणून सांगितलं. कपडे धुण्याच्या मशीनमागची बाटली. जिन्यातलं पडणं. पोरीच्या वाढदिवसाचा केक आणायला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हातांनी परत येणं. तिथवर आले आणि पुढे बोलवेना, नुसती रडत राहिले. ड्रायव्हरने विचारलं, काकू, तुमचं असं कोणी आहे का हो? मी म्हटलं, आहे, एक आत्या आहे. या वयाच्या बाईला आत्या कुठून आली, असं एकानेही विचारलं नाही. म्हणाले, पुढच्या वेळी तिलाही घेऊन या.

तेव्हा पिट्टू, गुरुवारी तू मला घेऊन चल.