चौथ्या रेकॉर्डिंगमधलं गाढव

दादा,

मी शिंपीकाकांच्या दुकानात जातेय, तुझ्या वतीने माफी मागायला. ते अर्धी ओळ आधी सुरू झाले म्हणून काल तालमीत तू त्यांना गायकवृंदातून हाकललंस. वीस वर्षं गातायत ते! वर म्हणालास, "चांगली रेकॉर्डिंगं ऐका, मग तोंड उघडा."

म्हणून आज सकाळी मी तुला त्याच समूहगानाची चार रेकॉर्डिंगं ऐकवली, कोणाची ते न सांगता. पहिल्या तिन्हींवर आपलं नेहमीचं भांडण झालं. तुला धावणारं आवडतं, मला संथ. चौथ्याला मात्र तू कानांवर हात ठेवलेस. "कोण हे गाढव? सगळ्यांच्या आधी ओरडतंय!"

गाढवा, तो तू आहेस. बाबा आपला वृंद चालवायचे तेव्हाचं आहे ते. सगळे म्हणाले, पुन्हा रेकॉर्ड करू. बाबा म्हणाले, "राहू दे, पोरगं जीव तोडून गातंय."

सातला तालीम आहे. त्याआधी दुकानात ये आणि काकांना स्वतः घेऊन चल. नाहीतर मीही गाणार नाही.

आणि रविवारच्या कार्यक्रमाचा तुझा कोट त्यांच्याकडेच शिवायला आहे. बाह्या अजून लावलेल्या नाहीत.