नातेवाईकाची सही

हेंद्रेपाडा, बदलापूर

प्रिय मैत्रेयी,

पप्पांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तू आमचा जोडीचा फोटो फोनवर टाकलास आणि खाली इंग्रजीत लिहिलंस, माझी डिव्होटेड आई. शेजारच्या वृंदाताईंनी चारचौघींत वाचून दाखवलं, "शालनताई, बघा हो पोरीनं केवढं कौतुक केलंय!" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

माझं इंग्रजी तुझ्याच शाळेच्या पुस्तकांवर शिकलेलं, म्हणून वाचनालयात जाऊन जाडा कोश काढला. अर्थ तोच, निष्ठा असलेली. पण खाली दिलं होतं, शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याच्या मुळाशी शपथ आहे. एखादी गोष्ट शपथेवर देऊन टाकायची, मग ती आपली राहत नाही. मी कोश मिटला आणि घरी आले.

तुला सांगितलं नाही ते आता सांगते. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर पप्पांनी देहदानाचा फॉर्म भरला. नातेवाईक म्हणून सही माझी. माझा हात अडला, तर स्वतःचंच नाव घेऊन म्हणाले, "अगं, आठवी नापास बबन मेडिकल कॉलेजात चाललाय, पेढे वाट!" मी हसले, सही केली. मग त्यांनी हसू थांबवून विचारलं, "पण पाठवशील ना?" मी हो म्हणाले.

ते गेले त्या सकाळी फॉर्म कपाटात साड्यांखाली होता. कॉलेजला एक फोन करायचा होता. तू पुण्याहून निघाली होतीस, लोक जमत होते, मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्या पायांवर अनोळखी पोरं सुरी चालवणार, हे मला सोसेना. कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही. दुपारी तू मला धरून स्मशानात नेलंस. तिथं मी त्यांना अग्नी देऊ दिला. त्यांच्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावते, पण वर बघवत नाही.

काल मी माझ्यासाठी फॉर्म आणला. त्यानं पप्पांचं राहिलेलं भरून येत नाही, ते मला कळतं. माझी सही झालीय, नातेवाईकाची जागा रिकामी आहे. रविवारी ये. रागावली असलीस तरी ये. आधी माझ्याकडे नीट बघ, या हातांकडे, या चेहऱ्याकडे, आणि मी जाईन त्या दिवशी तुझ्यानं तो फोन होईल का, ते स्वतःला विचार. होणार नसेल तर सही करू नकोस. मी रुसणार नाही.

तुझीच,
आई