रेंज आली, तरी मी ऑफलाइनच

२ नोव्हेंबर, शहादा
सुटी संपली. तोरणमाळकडच्या माझ्या शाळेच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून घरी आलो की विकिपीडियावरचे लेख मोबाइलमध्ये सेव्ह करून नेतो. निळे दुवे छळतात. हळदीचा लेख घेतला की त्यातला आल्याचा घ्यावाच लागतो. त्यात वाचन मागे पडतं. आळस आहे का हा? विचार केला. नाही, शिस्त आहे. आधी संग्रह, मग वाचन.

५ नोव्हेंबर, पाडा
शेजारच्या नवलसिंगभाऊंनी विचारलं, उद्या पाऊस पडेल का, ज्वारी कापायचीय. मान्सूनचा लेख मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदाला उठून गेले. समाधान झालं असावं. गावाला काही अडलं की माझाच ओटा. शिक्षकाला आणखी काय हवं?

१० नोव्हेंबर
पाड्यावर मोबाइलचा टॉवर सुरू झाला. अँब्युलन्स बोलावता येईल, उत्तमच. माझा विरोध नाही. मग सकाळपासून पोटात का दुखतंय? प्रामाणिकपणे तपासलं. कालचा उपमा.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
ओट्यावर बसून होतो. कोणी आलं नाही. नवलसिंगभाऊ समोरून गेले, हातातल्या मोबाइललाच पावसाचं विचारत. तो म्हणाला, उद्या कोरडं. का कोरडं, ते सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर
निर्णय झाला. मोबाइल एअरप्लेन मोडवर. वाचायचं ते ऑफलाइनच. सहशिक्षक विनोद वळवी म्हणाला, सर, टॉवरवर रुसलात का? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणे, तत्त्वाला हॉटस्पॉट देऊ?

१६ नोव्हेंबर
आज वाचायला बसलो. आधी लेख नीट लावायला हवेत. अक्षरानुक्रमे की विषयवार? विषयवार. लावता लावता बॅटरी संपली. माघार नाही.

१९ नोव्हेंबर, दुपार
कामिनी आली. शहाद्याहून जीपने, घाटात दोनदा उलटी करून. आठवडाभर माझा फोन लागत नव्हता. हिला वाटलं, नवरा दरीत पडला. सगळ्या पाड्यासमोर म्हणाली, टावर नव्हता तवय टेकडीवर चढीसन फोन करेत, आते टावर दारमा शे नि फोन बंद?
मोबाइल हिसकावून मोड काढला. तिचे मेसेज धडाधड आले. लेकीचा फोटो काही उघडेना. जागा नाही. कशाने भरलाय, विचारलं. सांगितलं. यातलं वाचलं किती? मला खोटं बोलवत नाही. म्हटलं, पूर्ण असा एकही नाही.
मग नवलसिंगभाऊच म्हणाले, जाऊ द्या ताई, आम्ही तरी कुठे ऐकायचो. सर एकटे असतात, म्हणून येऊन बसायचो.

२० नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. लेख निरुपयोगी होते, असं ते म्हणालेले नाहीत.
तरी सगळे डिलीट केले. ही माघार नाही. रेंज आहे, हवे तेव्हा परत घेता येतील.
संध्याकाळी ओट्यावर कोणी आलं नाही. कामिनी इथे आहे, म्हणून असेल. शनिवारी ती जाईल. तेव्हा कळेल.